२९ जानेवारीचा कोडे दिवस: घरी कोडी बनवतानाच्या नोंदी

२९ जानेवारी हा कोडे दिवस. सरकारी नाही, सुट्टीही नाही, कोडी आवडणाऱ्या लोकांनी आपापसात मानलेला. दरवर्षी मी त्या दिवशी विकतचं एखादं कोडं काढून बसते. या वर्षी सगळी कोडी घरीच बनवायची आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून सोडवायची असं ठरवलं. कुणाला असंच करायचं असेल तर माझ्या चुका उपयोगी पडतील म्हणून रोजच्या रोज लिहून ठेवलं. किमती लिहीत नाही, त्या जागोजागी वेगळ्या असतात. सामान किती वाया गेलं आणि वेळ किती गेला ते मात्र सगळं लिहिलंय.

४ जानेवारी

यादी केली. हाताने कापलेला लाकडी जिगसॉ (चित्राचे तुकडे जुळवायचे), १५ सोंगट्यांचं सरकवण्याचं कोडं (१ ते १५ आकडे क्रमाने लावायचे), मराठी शब्दकोडं आणि लहानांसाठी ४ बाय ४ चं सुडोकू. सोडवणारे सातजण: आई, काकू, बहीण, मेहुणे, भाची (वय ७), भाचा (वय ११) आणि मी. मी बनवणारी, म्हणजे खरे सोडवणारे सहाच.

जिगसॉचं माप ३० बाय २० सेंटीमीटर, १२ बाय ८ म्हणजे ९६ तुकडे. हा आकडा ठरवताना मी कापायची लांबी मोजली नाही. ती आधी मोजा. उभ्या ११ रेघा २० सेंटीमीटरच्या आणि आडव्या ७ रेघा ३० च्या, म्हणजे सरळ धरलं तरी ४३० सेंटीमीटर. तुकड्यांच्या बोंडांची, म्हणजे एकमेकांत अडकणाऱ्या गोल टोकांची, वळणं धरली की जवळपास ६८०. हातकरवतीने हे किती होतं याचा अंदाज मला ८ तारखेला आला.

५ जानेवारी

चित्र छापून आणलं. निळं आभाळ, खाली समुद्र, मध्ये शिडाची होडी. ४ मिलिमीटर प्लायवूडवर लाकडाचा पांढरा गोंद लावून चिकटवलं आणि पाच मिनिटांत होडीचं शीड समुद्रात वाहून गेलं. शाईच्या प्रिंटरवरची छपाई होती. गोंदात पाणी असतं, शाईही पाण्यात विरघळणारी, त्यामुळे सगळं पसरलं. एक प्रिंट आणि एक प्लायचा तुकडा फुकट.

उपाय: लेझर प्रिंट. त्यातली पूड उष्णतेने कागदावर वितळून बसलेली असते, पाण्याने हलत नाही. संध्याकाळी तसा प्रिंट आणला. गोंद कागदाला न लावता लाकडाला लावला, अगदी पातळ, जुन्या प्लॅस्टिक कार्डाने ओढून. मग मधून कडेकडे हाताने दाबत गेले. बुडबुडे आले नाहीत.

६ जानेवारी

सकाळी बघते तर फळी धनुष्यासारखी वाकलेली. टेबलावर ठेवली तर मध्ये सहा-सात मिलिमीटर उचललेली. गोंद सुकताना कागद आक्रसतो आणि फळीला आपल्याकडे ओढतो. एकाच बाजूला कागद असला की असंच होणार. मागच्या बाजूलाही तसाच कागद चिकटवला, वर जाड पुस्तकं ठेवली, दोन रात्री हलवलं नाही. फळी सरळ झाली.

मागच्या कागदाचा दुसरा फायदा नंतर कळला. करवत खाली ओढली जाते तेव्हा खालच्या बाजूची लाकडाची सालपटं निघतात, कागदाने ती धरून ठेवली.

८ जानेवारी

कापायला सुरुवात. टेबलाच्या कडेला एक फळी क्लॅम्पने बाहेर काढून बसवली आणि तिला व्ही आकाराची खाच पाडली. काम खाचेच्या वर, करवत खाचेच्या आत, दोन्ही बाजूंनी लाकडाला आधार. ही खाच नसेल तर प्लाय थरथरतं आणि पातं मोडतं.

पाती पहिल्या तासात पाच मोडली. दोन कारणं होती. पहिलं, पातं उलटं बसवलं होतं. हाताच्या फ्रेटसॉमध्ये (चौकटीत ताणलेल्या बारीक पात्याची करवत) दात मुठीकडे, म्हणजे खाली तोंड केलेले पाहिजेत. कापणी खाली ओढताना होते, वर ढकलताना नाही. बोट हलकं फिरवून पाहिलं की वर जाताना खरखर लागते का खाली येताना ते लगेच कळतं. दुसरं, ताण कमी होता. आता चौकट टेबलाला टेकवून छातीने दाबते, तेव्हाच पात्याचा स्क्रू आवळते. मग नखाने पातं छेडलं की सतारीच्या तारेसारखं वाजलं पाहिजे. दबका आवाज आला तर परत आवळायचं.

पातं ५ नंबरचं घेतलं होतं. ते साधारण ०.४ मिलिमीटर जाड. तेवढं लाकूड प्रत्येक चिरेत भुसा होऊन जातं आणि तुकडे सैल बसतात. उद्यापासून १ नंबर, साधारण ०.३ चं. फरक वाचताना काहीच वाटत नाही, हातात तुकडा घेतला की लगेच जाणवतो.

वेग मिनिटाला एक सेंटीमीटर. म्हणजे ६८० मिनिटं. तेव्हा मी घड्याळाकडे पाहिलं आणि पाणी प्यायला उठले.

९ ते १२ जानेवारी

चार संध्याकाळी, एकूण साडेअकरा तास, त्यात पहिल्या दिवसाचे दोन तास धरलेले. नऊ पाती मोडली.

सर्वांत जास्त वेळ तिरक्या चिरेने खाल्ला. १० तारखेला दोन पट्ट्या सुट्या करून पाहिल्या तर एक तुकडा वरून उचलता येईना. खाली ढकलला की निघतो, खालूनच बसतो. बाटलीच्या बुचासारखा. मी दमले की कोपर बाहेर जातो, करवत कलते आणि तुकड्याची खालची कड वरच्यापेक्षा रुंद होते. ४ मिलिमीटर जाडीत करवत पाच अंश कलली तरी खालची कड वरच्यापेक्षा सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर बाहेर जाते. चीरच तेवढी रुंद, म्हणजे तुकडा अडकणारच.

उपाय तीन. बसायचं स्टूल खाली घेतलं, म्हणजे हात कोपरापासून मनगटापर्यंत उभा राहतो. खाचेच्या शेजारी सुताराचा गुण्या उभा ठेवला आणि दर दोन-तीन सेंटीमीटरला पातं त्याच्याशी ताडून पाहिलं. आणि वळणावर करवत फिरवायची नाही, ती जागच्या जागी वरखाली करत राहायची आणि लाकूड फिरवायचं. हे तिसरं मला आधी कुणी सांगितलं असतं तर निम्मा वेळ वाचला असता.

दोन बोंडं मानेपाशी तुटली. मान ३ मिलिमीटर ठेवली होती, शिवाय प्लायच्या मधल्या थरात पोकळी निघाली. टूथपिकने गोंद भरून जोडली. यापुढे मान किमान ६ मिलिमीटर, आणि प्लाय घेताना कड चारी बाजूंनी बघायची. मधल्या थरात काळी भोकं दिसली तर तो तुकडा घ्यायचा नाही.

१३ जानेवारी

भाच्याला चाचणीला बसवलं. ही आजवरची सर्वांत महत्त्वाची नोंद.

कडा त्याने पंधरा मिनिटांत लावल्या. होडी लावली. मग आभाळ. आभाळाचे तुकडे छत्तीस, तीन पूर्ण ओळी. तो भराभर लावत गेला आणि ओरडला, "मावशी, आभाळ झालं!"

मी गेले. आभाळ भरलं होतं, एकही फट नव्हती. पण गडद निळ्यात फिकट निळा, क्षितिजाजवळच्या फिकटात वरचा गडद, नुसती ठिगळं. मी म्हटलं, "अरे, हा इथला नाही." त्याने तुकडा काढला, परत त्याच जागी घातला आणि म्हणाला, "बसतोय की. मग चूक कसं?"

त्याचं बरोबर होतं. चूक माझी होती. रेघा आखताना मी पुठ्ठ्याचा एक साचा केला होता, एका तुकड्याएवढ्या लांबीचा, आणि तोच सरकवत सरकवत सगळ्या उभ्या-आडव्या रेघा काढल्या होत्या. त्यामुळे कडेचे सोडले तर सगळे तुकडे एकाच आकाराचे निघाले. हाताच्या थरथरीने जो काय बारीकसा फरक पडला तेवढाच. कापताना चार दिवस हे माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि दिसलं नाही, कारण कुठला तुकडा कुठला हे मला आधीच माहीत होतं.

लंडनचा नकाशे बनवणारा जॉन स्पिल्सबरी याने १७६० च्या दशकात लाकडावर नकाशे चिकटवून ते देशांच्या सीमांवरून कापले, मुलांना भूगोल शिकवायला. त्यात एकमेकांत अडकणारी बोंडं नव्हती, पण प्रत्येक देशाचा आकार वेगळा असल्यामुळे जागा एकच. मी बोंडं केली आणि जागा एकच राहील याकडे पाहिलंच नाही.

कापलेलं परत जोडता येत नाही. ९६ तुकडे डब्यात भरून ठेवले.

१४ जानेवारी

काही केलं नाही. भाचा मात्र दिवसभर त्याच ९६ तुकड्यांचं आभाळ रंगाने जुळवत बसला आणि त्याने ते जुळवलं.

१५ जानेवारी

नव्याने सुरुवात. या वेळी २४ बाय १८ सेंटीमीटर, ८ बाय ६, म्हणजे ४८ तुकडे. तुकडा तीन सेंटीमीटरचा. कापायची लांबी आधी मोजली: सरळ धरून २४६, वळणांसकट ३९० च्या आसपास.

चित्र बदललं. पुस्तकं, रंगपेट्या, खेळणी पसरलेल्या टेबलाचा फोटो बहिणीने काढला. एका रंगाचा पट्टा कुठेही दोन तुकड्यांपेक्षा मोठा नाही, हे फोटोवर तीन सेंटीमीटरची जाळी ठेवून तपासलं. साचा वापरला नाही. प्रत्येक रेघ पेन्सिलने हाताने काढली. काही बोंडं जाड, काही तिरपी, काही ठिकाणी बोंडच नाही, नुसती लाट. मध्ये एक तुकडा किल्लीच्या आकाराचा आणि एक माशाच्या. हाताने कापलेल्या जिगसॉत असे ओळखू येणारे तुकडे घालायची जुनी रीत आहे, आणि ते कापताना मला जो आनंद झाला त्यासाठी पुन्हा एवढे तास घालायची माझी तयारी आहे.

१७ ते २० जानेवारी

कापणी पाच तास, तीन पाती. वेग मिनिटाला १.३ सेंटीमीटर. एकही तुकडा तिरका नाही. माशाची शेपटी तुटली, जोडली, जोड दिसत नाही.

कापल्यावर प्रत्येक तुकड्याची मागची कड बारीक पॉलिश पेपरवर एकदाच फिरवायची. पुढची कड घासू नका, चित्राचा कागद उचकटतो. मी दोन तुकड्यांवर हे केलं आणि पांढऱ्या रेघा उमटल्या. रंगीत पेन्सिलने झाकल्या.

१९ जानेवारी, रात्री

मधल्या वेळात शब्दकोडं. मला वाटलं होतं हे सर्वांत सोपं. ९ बाय ९ ची जाळी घेऊन बसले आणि सहा तास गेले.

पहिलं शब्दकोडं आर्थर विन याने २१ डिसेंबर १९१३ ला न्यूयॉर्क वर्ल्डमध्ये छापलं. इंग्रजीत घरात एक अक्षर बसवायचं, पर्याय २६. मराठीत क, का, कि, की, कु, कू हे सगळे वेगळे, वर जोडाक्षरं. दोन शब्द एका घरात भेटायचे तर व्यंजन जुळून चालत नाही, काना-मात्रा, वेलांटी, उकार सगळं जुळावं लागतं. म्हणून मराठी जाळीत काळी घरं जास्त लागतात. इंग्रजी जाळीचा नमुना उचलून त्यात मराठी शब्द कोंबायचा प्रयत्न मी तीन तास केला. करू नका. आधी शब्द घ्या, मग जाळी त्यांच्याभोवती वाढवा.

वरच्या डाव्या कोपऱ्यात मी उभा शब्द कापूस घेतला होता आणि त्याच्या मधल्या घरातून आडवा पुस्तक. बसला म्हणून खूश झाले. आईने सकाळी चहा पिता पिता कागदाकडे पाहिलं आणि म्हणाली, "अगं, कापसातला पू दीर्घ, पुस्तकातला ऱ्हस्व. एका घरात दोघं कसे बसतील?"

पुस्तक काढलं. मधलं घर काळं केलं. आणि मग तो कोपरा असा बसला:

का ग द
पू ■ ग
स व ड

आडवे कागद आणि सवड, उभे कापूस आणि दगड. चार शब्द, चारी कोपरे जुळलेले. हा कोपरा सापडला तेव्हा मी आईला हाक मारून परत दाखवला.

२१ जानेवारी

शब्दकोड्याची चाचणी काकूवर. सवडसाठी सूचना दिली होती: मोकळा वेळ, तीन अक्षरी. काकूने पेनने ठसठशीत लिहिलं: उसंत. उ, सं, त. तीनच अक्षरं, अर्थही तोच. मग तिचा कापूस बसेना, कारण शेवटचं अक्षर उ झालं. कापसाची सूचना होती: बोंडातून निघतो. ती पक्की असल्यामुळे ती मागे फिरली आणि उसंत खोडला. पण दगडाची सूचना मी "वाटेत आडवा येतो" अशी दिली होती. त्यावर तिने ओढा लिहायचा विचार केला, मग गतिरोधक, मग माझ्याकडे रागाने पाहिलं.

यातून मी माझ्यापुरता नियम केला. एका सूचनेला दोन उत्तरं चालतील, पण तिला छेदणाऱ्या दोन्ही सूचनांना एकच उत्तर असलं पाहिजे. दगडाची सूचना बदलून "याला पाझर फुटत नाही म्हणतात" केली. काकूने वाचताक्षणी लिहिलं.

जाळीच्या वर तीन ओळींची टीप टाकली: जोडाक्षर एका घरात. काना, मात्रा, अनुस्वार अक्षरासकट त्याच घरात. ऱ्हस्व-दीर्घ प्रमाण लेखनाप्रमाणे. बहिणीने टीप नसताना पूर्वजमधला र्व दोन घरांत लिहिला होता.

२२ जानेवारी

भाचीचं सुडोकू. आधी पूर्ण उत्तर लिहिलं, मग एकेक आकडा खोडत गेले. माझं उत्तर असं:

१ २ ३ ४
३ ४ १ २
२ १ ४ ३
४ ३ २ १

भाचीने सोडवून आणलं. पहिली ओळ २ १ ३ ४, तिसरी १ २ ४ ३, बाकी सगळं माझ्यासारखंच. मी चूक आहे म्हणणार एवढ्यात तिने विचारलं, "मावशी, तुझं चुकलंय की माझं?" ओळी तपासल्या, स्तंभ तपासले, चौकोन तपासले. तिचंही बरोबर.

पहिल्या आणि तिसऱ्या ओळीतली डावीकडची दोन-दोन घरं पाहा. वर १ २, खाली २ १. ही चारही घरं मी खोडली होती. त्यांत १ आणि २ ची अदलाबदल केली तरी ओळ, स्तंभ, चौकोन काहीच बिघडत नाही. अशा चौकडीतलं किमान एक घर भरलेलं ठेवावंच लागतं. पहिलं घर १ भरून दिलं, उत्तर एकच राहिलं. नेहमीच्या ९ बाय ९ सुडोकूत एकच उत्तर हवं असेल तर किमान १७ आकडे द्यावे लागतात हे २०१२ मध्ये गॅरी मॅकग्वायर यांच्या गटाने संगणकावर सगळ्या शक्यता तपासून दाखवलं. पण १७ दिले म्हणजे एकच उत्तर आलं असं नाही. कोणते दिले ते महत्त्वाचं.

२३ आणि २४ जानेवारी

सोंगट्यांचं कोडं. उरलेल्या प्लायमधून ३० मिलिमीटरचे १५ चौकोन, तळाला फळी, चारी बाजूंना पट्ट्या, आतलं माप १२० बाय १२०. हिशेबाने चार तीसे एकशे वीस. एकही सोंगटी हलली नाही. वार्निश दिल्यावर तर बोटाने उचलताही येईना.

प्रत्येक सोंगटी घासून जेमतेम २९.६ वर आणली, म्हणजे चारात मिळून दीड मिलिमीटर मोकळीक. घासायला दोन तास. तळाला मेणबत्ती घासली. आता बोटाच्या एका धक्क्याने सरकते आणि टक्क असा आवाज येतो. तो आवाज मला फार आवडतो.

२५ जानेवारी

सोंगट्या पिशवीतून काढून ट्रेमध्ये कशाही ठेवल्या, शेवटचं घर मोकळं ठेवलं आणि काकूला दिल्या. तिने चाळीस मिनिटं घेतली. शेवटी १ ते १३ जागेवर आणि पुढे १५, १४. परत सगळं मोडलं, परत लावलं, परत १५, १४. काकू चिडली नाही. ती गप्प झाली, आणि ते मला जास्त लागलं.

ते सुटणारच नव्हतं. आणि हे मला माहीत असायला हवं होतं, कारण १८७९ मध्येच जॉन्सन आणि स्टोरी यांनी अमेरिकन जर्नल ऑफ मॅथेमॅटिक्समध्ये सिद्ध केलं आहे की निम्म्या मांडण्या कधीच सुटत नाहीत. पुढच्याच वर्षी अमेरिकेत या कोड्याचं वेड लागलं होतं आणि लोक तेच १४-१५ सोडवायचा प्रयत्न करत होते. म्हणजे सोंगट्या उचलून कशाही ठेवल्या तर नाणं उडवल्यासारखंच. रंगीत बाजू फिरवायच्या रुबिक क्यूबचं याहून वाईट: उकलून कसाही परत जोडला तर बारात एकदाच सुटण्याजोगा जुळतो.

तपासायची रीत काकूला कागदावर दाखवली. मोकळं घर उजवीकडे खाली असताना सोंगट्या ओळीने वाचायच्या. प्रत्येक सोंगटीच्या पुढे तिच्याहून लहान किती येतात ते मोजायचं आणि बेरीज करायची. सम आली तर सुटतं, विषम आली तर नाही. नुसत्या १५, १४ मध्ये बेरीज १, म्हणजे विषम. आणि कुठल्याही दोन सोंगट्या उचलून एकमेकींच्या जागी ठेवल्या की समाचं विषम होतं, विषमाचं सम. काकूने स्वतः तीन वेगवेगळ्या मांडण्या मोजून पाहिल्या.

यापुढे: सोंगट्या आधी १ ते १५ लावायच्या आणि नुसत्या सरकवून विस्कटायच्या. सरकवून विस्कटलेलं सरकवून सुटतंच, आणि सुटणारी कुठलीही मांडणी ८० किंवा त्याहून कमी सरकवण्यांत लागते. ट्रेच्या कडेवर रंगाने लिहिलं: उचलू नये.

२८ जानेवारी

जिगसॉचे तुकडे मोजले, ४८. पिशवीवर ४८ लिहिलं. शब्दकोड्याच्या सात प्रती काढल्या.

आतापर्यंतचा हिशेब: प्रिंट तीन (एक वाया), प्लायच्या फळ्या चार (एक वाया, एक सरावात गेली), पाती सतरा मोडली. वेळ: पहिला जिगसॉ साडेअकरा तास नुसत्या कापणीचे, दुसरा पाच, चिकटवणं-घासणं मिळून चार, शब्दकोडं आठ, सोंगट्या सहा, सुडोकू एक. एकूण साडेपस्तीस. पुन्हा केलं तर वीसात होईल.

२९ जानेवारी

संध्याकाळी सहाला बसलो. भाचीने सुडोकू बारा मिनिटांत सोडवलं आणि उत्तर माझ्याशी जुळलं. शब्दकोडं मेहुण्यांनी पहिलं पूर्ण केलं. एका ठिकाणी त्यांचा शब्द माझ्यापेक्षा वेगळा होता, पण छेदणारे शब्द चुकल्यामुळे त्यांनी तो स्वतःच दुरुस्त केला. मी काही बोलले नाही.

जिगसॉ आई आणि भाचा यांनी लावला, एक तास दहा मिनिटं. किल्लीचा तुकडा आईने सुरुवातीलाच हातात घेतला आणि शेवटपर्यंत कुणाला दिला नाही. भाच्याने एकदा एक तुकडा चुकीच्या जागी दाबून पाहिला. तो बसला नाही. त्याने माझ्याकडे बघितलं आणि हसला.

साडेआठच्या सुमारास भाचीच्या हातून सोंगट्यांचा ट्रे जमिनीवर पडला. पंधराही सोंगट्या घरंगळल्या. ती रडवेली झाली आणि घाईघाईने त्या हाताला येतील तशा परत भरू लागली, शेवटचं घर मोकळं ठेवून. मी परत १ ते १५ लावायला हात पुढे केला. काकू म्हणाली, "थांब गं." चष्मा लावला, बोट एकेका सोंगटीवर ठेवत पुटपुटत मोजलं. दोन मिनिटं लागली असतील.

"सत्तेचाळीस," ती म्हणाली. "असं नाही सुटायचं. बाळा, त्या ६ आणि ११ ची अदलाबदल कर बरं."

भाचीने केली. काकूने ट्रे मांडीवर घेतला आणि सव्वानऊला सोंगट्या १ ते १५ लागल्या.

सोंगट्यांच्या तळाचं मेण निघालंय. उद्या परत घासायचं आहे.